उन्हाकडे तोंड करून

जानेवारी सरता सरता झोळीवाल्यांच्या झोळ्या पिकतात.
वर्षभर फिकट, शिळ्या लोण्यासारख्या,
आणि आठवड्याभरात अशा केशरी
की आत कुणी शेगडी पेटवून ठेवलीय.
तेव्हाच येतात कॅमेरेवाले
आमच्या या तळ्यावर, ग्रीसच्या पार वरच्या टोकाला,
जिथे बर्फाच्या डोंगरामागे बल्गेरिया सुरू होतो
आणि काठावरच्या म्हशींना त्याचं काही पडलेलं नाही.

मी होडीवाला. अनेस्तिस. वय सदुसष्ट.
माणशी तीस युरो, मासे माझे.
कॉफी देस्पिना थर्मासात भरून देते, तिचे पैसे नाहीत.

बाप म्हणायचा, हा पक्षी नव्हे, पंखांचा दरोडा.
तो वल्ह्याने हाकलायचा. लागलं तर लागलं.
मीही हाकललेत, खोटं कशाला बोलू.
बारा वर्षं झाली असतील,
गळाला लागलेला मासा एकाने वरच्या वर उचलला.
मी दोरी सोडली नाही, त्याने मासा.
मग काहीतरी टर्रकन गेलं
आणि गळ हलका होऊन परत आला.
घरी सांगितलं, मासा सुटला.

यंदा एक बाई आली हॉलंडहून, मारेइके,
गुडघ्यात वाकता येत नसलेली,
तरी होडीच्या तळाशी पालथी पडून राहिलेली.
म्हणाली, सूर्य समोर हवा.
मी म्हटलं, बाई, उलटं सांगताय.
आम्ही कोळी सूर्य पाठीवर घेतो,
तेव्हा कुठे पाण्यातलं दिसतं.
ती म्हणाली, मला पाण्यातलं नकोय.

फिरवली होडी.
धुकं अजून पाण्यावर लोळत होतं,
बुडालेल्या झाडांचे नुसते शेंडे वर.
मी मासा फेकला. चोच उघडली.
क्लिक क्लिक क्लिक, वाटाणे सोलल्यासारखं.
मग तिने मला बोलावून मागची काच दाखवली.

साठ वर्षं मी हा पक्षी बघतोय
आणि साठ वर्षं ऊन माझ्या पाठीवर होतं.
काचेत झोळी कंदिलासारखी पेटलेली,
पिंपळपानाच्या जाळीसारख्या तिच्या शिरा,
आत माशाची सावली, शेपटी वळवलेली, अजून जिवंत.
आणि डाव्या बाजूला, खाली,
एक भोक.
त्यातून पाण्याची तार गळतेय
आणि तारेला ऊन चिकटलंय.

तोच असेल असं नाही.
गळ काय एकट्या माझ्याकडे आहेत?
तारा आहेत, काटे आहेत, फुटक्या बाटल्या आहेत.

बाई म्हणाली, फोटो छान आहे, एवढा डाग सोडून.
घरी गेल्यावर पुसते. दोन मिनिटांचं काम.
मी विचारलं, पुसता येतं?
ती म्हणाली, हल्ली सगळं येतं.
मी उरलेले सगळे मासे त्याच्याकडे फेकले,
दुसऱ्या खेपेसाठी ठेवलेले सुद्धा.
देस्पिनाने रात्री हिशेब विचारला.
सांगितलं, मासे सुटले.

मार्चमध्ये पाकीट आलं,
मोठं, पुठ्ठ्यात नीट जपलेलं, मागे आभार.
झोळी अखंड. शिवण नाही, ठिगळ नाही,
पाण्याची तारसुद्धा गेली.
देस्पिना म्हणाली, काय सुंदर पाखरू!
चार दिवस ते कपाटावर उभं होतं.

पाचव्या दिवशी पेटीतून जुना गळ काढला,
गंजलेला, पण टोक शाबूत.
जागा बोटाने चाचपली. डावीकडे, खाली.
कागद जाड होता, जरा जोर लावावा लागला.

आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला
टेपने चिकटवलाय, तोंड आत.
सकाळी सात-साडेसातला
ऊन कागदामागून येतं, झोळी हळूहळू तापते,
आणि त्या भोकातून एक ठिपका निघून
टेबलावर, पावावरून, साखरेच्या भांड्यावरून सरकत
माझ्या कपापर्यंत येतो.
देस्पिना म्हणते, तो कागद काढ, वाट्टोळं झालंय त्याचं.
मी म्हणतो, राहू दे.
खुर्ची मात्र मी फिरवून घेतलीय.